गुलाबांची थंडी

साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी बागकामाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पुस्तक बर्फाच्या मुलखातलं. हिवाळ्यात गुलाब झाकून ठेवा, असं त्यात लिहिलेलं. झालं! माळीबुवांची वीस वर्षांची अक्कल एका दुपारीच मोडीत निघाली.

"साहेब, आपल्याकडे गुलाब फुलतो तोच मुळी हिवाळ्यात," घामाने निथळणारे माळीबुवा म्हणाले.

"तुम्ही पुस्तक वाचलंय?"

नव्हतं वाचलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार? माळीबुवांनी भर उन्हात तीसच्या तीस झाडांना गोणपाटं गुंडाळली. गेल्या वर्षी छाटणीतल्या काही काड्या मात्र त्यांनी खतखड्ड्यामागे खोचल्या होत्या. तिकडे साहेब नाक दाबूनसुद्धा फिरकत नसत.

महिन्याभरात गोणपाटांतली पानं पिवळी पडून गळली आणि खड्ड्यामागे शेवंतीच्या जोडीने लालबुंद गुलाब फुलले. आता तरी डोळे उघडतील म्हणून माळीबुवा साहेबांना तिथे घेऊन गेले.

साहेब बघतच राहिले. मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "बघा! इथे थंडी कमी आहे. तिकडच्या झाडांना आणखी एकेक गोणपाट बांधा."