नुसत्या पत्त्यावर उघडणारं पान

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. पलसाण्याच्या एका डाईंग मिलच्या ऑफिसात, झेरॉक्स मशीनच्या मागे मला बसवलं आहे. मिलमधल्या मोबाईलवर जी पानं उघडतात, ती मीच पुरवतो. नवा होतो तेव्हा शेठ पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. आता माझ्यावर कापडाचे तंतू साचतात आणि कुणीही चहाचा कप ठेवून जातं. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय!

माझी बोली जावा, म्हणजे कॉम्प्युटरची एक भाषा, आणि माझी एक सवय आहे. माझ्या पत्त्यापुढे कुणी पानाचं नाव जोडलं, तर मी त्या नावाचं पान देतो. नुसता पत्ता टाकला, तर 'रूट' नावाच्या फोल्डरमध्ये जे असेल ते देतो. त्या फोल्डरमध्ये मला बसवणाऱ्यांचं नमुन्याचं पान पडून होतं. शेठना दाखवण्यापुरतं केलेलं. त्यात सगळी मशीनं कायम हिरवी, म्हणजे सुरू करायला मोकळी. ते काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

कॉम्प्युटर सांभाळणारी सोनाली जवळच्या नवागामची, मूळ खान्देशातल्या घरातली. तिचे वडील लोटूभाऊ याच मिलमध्ये जेट साफ करतात. जेट म्हणजे कापड रंगवायचं भलंमोठं बंद पिंप. माणूस आत शिरून ते घासतो, आणि त्याच वेळी बाहेरून कुणी वाफ सोडली तर तो भाजून निघेल. पूर्वी दारावर पुठ्ठ्याची पाटी लावत, पण ती भिजून गळून पडे. म्हणून सोनालीनं एक पान बनवलं. आत जाणाऱ्यानं मोबाईलवर नाव टाकायचं, की ते मशीन लाल होतं. पानाचं नाव तिनं ठेवलं 'आत'. मला त्या पानाचा फार अभिमान होता.

त्या दुपारी लोटूभाऊ नाव टाकून जेटमध्ये उतरले. थोड्या वेळानं लखन नावाचा नवा ऑपरेटर ऑफिसच्या खिडकीशी आला. तो उत्तर प्रदेशचा. पान कसं बघायचं, असं त्यानं विचारलं. पत्त्यापुढे 'आत' लिहा, असं सोनालीनं सांगितलं. मशीनांच्या घरघरीत त्याला ऐकू आलं 'आठ'.

त्यानं माझ्याकडे आठ आकडा मागितला. असं पान माझ्याकडे नव्हतं. पुन्हा मागितला, पुन्हा नाही. मग त्यानं आकडा पुसून नुसता पत्ता टाकला, आणि मी सवयीनं ते हिरवं पान दिलं. लोटूभाऊंचं नाव माझ्याच पोटात लाल होतं, मित्रांनो! पण न विचारलेलं सांगायची सोय मला कुणी दिलेली नाही.

ऑफिसातला फोन वाजला. "मॅडम, आठ तो खुलता नहीं. ऊपर सब हरा दिखा रहा है, स्टीम खोल रहा हूँ."

"मत खोलो, पप्पा अंदर हैं," सोनाली म्हणाली, पण फोन आधीच ठेवला गेला होता. खुर्ची पाडून ती धावली.

मी मागे राहिलो. बाहेर नुसती घरघर. काय झालं असेल ते कळेना, आणि मागणाऱ्यांना मी पानं देतच होतो. भीती वाटते का मला? त्या दिवशी वाटली.

मग दार उघडलं. सोनाली वडिलांना हाताला धरून घेऊन आली. मागून पांढराफटक पडलेला लखन. तिनं हाक मारली तेव्हा त्याचा हात वाफेच्या चाकावर होता.

ती तशीच माझ्यासमोर बसली. हिरवं पान तिनं कायमचं पुसलं आणि 'आत'चा फोल्डर 'रूट' या नावानं ठेवला. घाईत इंग्रजी अक्षरं लहान पडली. मला ती मोठीच लागतात, त्यामुळे मी काहीच उघडलं नाही. लखननं पाणी आणून दिलं. तिनं अक्षरं मोठी केली आणि लखनला नुसता पत्ता टाकायला सांगितलं.

पान उघडलं. लाल मशीन, आणि खाली वडिलांचं नाव. बाहेर आल्याची नोंद करायची राहिलीच होती. ते नाव बघून इतका वेळ धीर धरलेली ती पोर रडायला लागली.

"का रडी राहिनी बेटा? मी आठे शे ना," लोटूभाऊ म्हणाले. खान्देशात 'आठे' म्हणजे इथे. त्यांनी स्वतःच्या बोटानं आपलं नाव काढलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण दाखवण्यापुरतं केलेलं खोटं पान माझ्यात राहू देऊ नका. घाईतल्या माणसाला पत्ता अर्धाच आठवतो, आणि पिंपात उतरलेल्याचा जीव त्या अर्ध्या पत्त्यावर असतो.