एका टोपीत अकरा मानकरी

मोताळ्याच्या काजलचे हात लहानपणापासून स्वस्थ बसतच नसत. बाजारात भाजी विकताना ती गिऱ्हाइकाच्या कानातून मिरची काढायची. शेवटी तिची आई झुंबरबाई वैतागली. "मावशीच्या पोरीच्या लग्नात एक खेळ कर. लोक हसले त जादू बंद!"

लग्नाच्या दिवशी काजल सकाळपासून मांडवात येरझारा घालत होती. तेवढ्यात नवरदेवाचे काका पुंजाजी रुसून उठले. मानाच्या टोप्यांचा गठ्ठा वधूपक्ष घरीच विसरला होता, आणि टोपीशिवाय वरपक्ष अक्षता हातात घेईना. आता खेळ कोण बघणार?

काजलजवळ खेळातली एकच टोपी होती. तिने रिकाम्या टोपलीतून ती काढून पुंजाजींना घातली. लगेच नवरदेवाचा मावसा ओरडला, "मंग मले काऊन नाही?"

काजल पुंजाजींच्या पाया पडली. ती उठली तेव्हा टोपी मावसाच्या डोक्यावर होती! तिचा हात इतका हलका, की टोपी गेलेली कोणाला कळेचना. असे तिने अकरा मानकरी उरकले. लग्न लागलं, आणि अकरापैकी दहा जण उघड्या डोक्याने, मान ताठ ठेवून पंगतीला बसले. खोटं वाटत असेल तर अकराव्याला विचारा, तो मीच.

जेवताना पुंजाजींनी डोकं चाचपलं. "पोरी, माही टोपी कुठी गेली?"

"तुमच्या पोरीच्या लग्नात आणून देतो ना, काका!"

मांडव हसला. पुंजाजीही हसले. "ये मंग. खेळ तुहाच ठेवू."

"माह्याकडं बी!" मावसा म्हणाला.

काजलने धास्तावून आईकडे पाहिलं.

"तारीख मले इचारून ठरवा बरं," झुंबरबाई म्हणाली.