शिवदासनानांच्या गाडीतला आवाज

भर दुपारी गणराजच्या अंगणात अख्खी वाडी लोटली होती, पण गाडीच्या जवळ जायला कुणी धजत नव्हतं. गणराजने गाडी सुरू करून ठेवली होती आणि आत माणूस नव्हतं. तुळशीराम भगताने बोनेटवर हात ठेवून दणका दिला. आतला स्क्रीन काळा पडला, पुन्हा उजळला, आणि घोगरा आवाज आला, "थांबा रे, थांबा."

आवाज शिवदासनानांचा होता, गणराजच्या वडिलांचा. नानांना जाऊन वर्ष होत आलं होतं. गणराजने नेहमीप्रमाणे धावत जाऊन चावी बंद केली.

"ऐकलंत? म्हातारा वाट अडवतोय," तुळशीराम म्हणाला. "अवसेपर्यंत सुनेला शिवेबाहेर न्यायची न्हाय. या गाडीतून न्हाय, दुसरीतूनबी न्हाय. नेलीत तर पोरासकट परत यायची न्हाय. मागाहून मला बोल लावू नका." आणि तांब्यातलं मंतरलेलं समुद्राचं पाणी त्याने स्क्रीनवर सपासप मारलं. मोठं सोयीचं भूत हे. खड्डा आला की जागं व्हायचं, चावी फिरवली की झोपायचं.

ओटीवर गणराजची बायको प्रणाली भिंतीला टेकून बसली होती. आठवा महिना, पाय टम्म सुजलेले. "क्रांतीताई, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं काजवे चमकतायत," ती नणंदेला म्हणाली.

क्रांती बोर्लीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी प्रणालीचा रक्तदाब पाहून बजावलं होतं, असं काही झालं तर तडक निघून या. बापाचा आवाज ऐकून क्रांतीच्या अंगावरही काटा आला होता. पण तिला जास्त धास्ती वाटत होती ती वहिनीच्या डोळ्यांपुढच्या काजव्यांची.

"दादा, हे कधीपासून?"

"दसऱ्यापासून. पूजेचं नारळाचं पाणी आईनं डॅशबोर्डवर ओतलं. आधी स्क्रीन नुसता बंद-चालू व्हायचा, तोबी कधीतरीच. तुळशीरामनं उतारे सुरू केले आणि हे वाढत गेलं."

"दर उताऱ्याला समुद्राचं पाणी?"

"व्हय."

क्रांतीने डिकीतून पेचकस काढला. "पोरी, हात वाळतील," तुळशीराम म्हणाला. आई, मनुबाई, आडवी आली. "बापाला छेडू नको गो."

"आई, नाना असते तर सुनेला असं बसवून ठेवलं असतं?"

मनुबाई बाजूला झाली.

स्क्रीन पुढे ओढला तर मागच्या तारांच्या जोडावर मीठ साचलं होतं, पिना हिरव्या पडल्या होत्या. क्रांतीने गाडी सुरू केली आणि जोड बोटाने हलवला. स्क्रीन काळा, स्क्रीन उजळ. "थांबा रे, थांबा." पुन्हा हलवला, पुन्हा तेच. मग तिने डॅशबोर्डच्या खणात हात घातला. पार मागे, नानांनी स्वतःच लावून ठेवलेला, 'भजन' असं लिहिलेला पेन ड्राइव्ह होता.

"नानांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आहे हे. दादा, तू गाणी मोबाईलवरून लावतोस. हिसका बसला की हा कुजका जोड सुटतो, मोबाईलची जोडणीही तुटते. वीज परत आली की स्क्रीन नव्याने सुरू होतो आणि पेन ड्राइव्हवरचं पहिलं वाजवतो. नारळाच्या पाण्याने सुरुवात झाली, खाऱ्या पाण्याने रोग वाढला. तुळशीरामकाका, मघाशी दणका कशाला दिलात?"

तुळशीराम तांब्या शोधू लागला.

मनुबाई मात्र रडत होती. "समदं खरं असंल. पण ते थांबा का म्हणतात?"

क्रांतीने पुन्हा जोड हलवला. गणराजचा हात चावीकडे गेला, तो तिने धरून ठेवला. इतक्या महिन्यांत पुढचं कुणी ऐकलंच नव्हतं.

"थांबा रे, थांबा," नाना म्हणाले. "टाळ जुळू द्या आधी. सदू, तुला कसली घाई हाय?" कुणीतरी हसलं, आणि मृदंगावर थाप पडली.

मनुबाईने डोळे पुसले. "सदूला तालच नव्हता," ती म्हणाली, आणि स्वतः प्रणालीला हाताला धरून गाडीत बसवलं.

स्क्रीन तारांना लोंबकळत होता. इंजिनाला त्याचं काही नव्हतं. माणगावला पोचताच शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, इवलीशी, पण आई आणि लेक दोघी वाचल्या. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज नाही. बापाचा आवाज ऐकून ती क्रांतीलाही वाटली होती. पण भीती वाटली की आपण चावी फिरवतो, आणि उरलेलं वाक्य कुणीतरी तुळशीराम पुरं करतो. तेव्हा बाबांनो, तांब्या घेऊन येणाऱ्याला दारात थांबवा, आणि आधी पुढचं ऐका.