दोन पडदे खाली

अर्धांगाच्या झटक्याने दादाचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यात फायदा झालाच तर एकाच माणसाचा होण्यासारखा होता, आणि तो माणूस आत्ता दादाच्या पलंगाशेजारी बसून त्याच्याच गिटारच्या तारा बदलत होता.

दादाच्या या धाकट्या भावाला सगळे खुंटीमास्तर म्हणत. वाद्यदुरुस्तीच्या दुकानात तीस वर्षं दुसऱ्यांच्या खुंट्या पिळून त्याने ते नाव कमावलं होतं. थोरल्याने स्टेजवर टाळ्या घ्यायच्या, धाकट्याने विंगेत तारा लावून द्यायच्या, अशी वाटणी कुणी न करता झालेली. बारा तारांच्या त्या गिटारवर त्याचा डोळा आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता दादा वाजवणार नव्हता, आणि वहिनी काही ती उशाशी घेऊन झोपणार नव्हत्या. घाई कशाला? फक्त चांगलं वागत राहायचं.

"भाऊजी, एकदम सगळ्या काढा ना," वहिनी म्हणाल्या. "एकेक बदलत बसलात तर जेवण इथेच वाढावं लागेल."

"सगळ्या एकदम उतरवल्या तर मान बिथरते, वहिनी. बारा तारा म्हणजे तिच्या गळ्यात एक धडधाकट माणूस लटकलेला असतो."

"मला सांगताय? माझ्याही गळ्यात आहे की एक!"

दादा अर्ध्या तोंडाने हसला. हसू येत होतं, शब्द येत नव्हता. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बोट करायचं, असं पाच महिने चाललेलं. पण दोन महिन्यांपूर्वी मास्तरने सहज दादाचंच जुनं गाणं छेडलं आणि दादा गायला लागला. चारही ओळी, स्वच्छ. चौथ्या ओळीत 'सखे' म्हणायचं असे, तिथे तो कायम बायकोचं लाडकं नाव घालायचा. तेही आलं. वहिनी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आल्या होत्या. तेव्हापासून दर रविवारी गिटार निघे. बाकीचे सहा दिवस वहिनींना त्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

उद्या तर वाचा शिकवणाऱ्या बाई स्वतः ऐकायला येणार होत्या. गाण्याला धरून बाकीचे शब्दही ओढून आणता येतील, असं त्या म्हणाल्या होत्या.

शेवटची तार चढली आणि मास्तरचा कान खाजायला लागला. दादा ही गिटार नेहमी दोन पडदे खाली, म्हणजे एक पूर्ण सूर उतरवून लावायचा. एक तर जुन्या लाकडावर ताण नको, आणि दुसरं, त्याचा गळा खर्जातला. पण दुकानात असं वाद्य आलं की मास्तर म्हणायचा, "झोपलंय हे, उठवा." उद्या जाणकार माणूस येणार, आणि त्याला झोपलेलं वाद्य ऐकवायचं? 'कुणी लावलंय हो?' असं बाईंनी विचारलं तर?

त्याने बाराही तारा दोन पडदे वर घेतल्या. तिसऱ्या जोडीतली बारीक तार हमखास तुटते, म्हणून ती पिळताना तोंड फिरवून घेतलं. तुटली नाही. गिटार अशी झणझणली, की तीस वर्षांत तिला प्रथमच कुणीतरी नीट हाताळलंय, असं त्याला वाटून गेलं.

रविवारी सकाळी वहिनींनी दादाची दाढी करून दिली. बाई वही उघडून बसल्या. मास्तरने छेडलं.

दादाने सवयीच्या जागी सूर लावला. गिटार तिथे नव्हती. तो थांबला, वर चढला. दुसऱ्या ओळीला आवाज चिरला. परक्याच्या वाद्यातला केसाएवढा फरक ऐकणाऱ्या मास्तरला सख्ख्या भावाची धाप ऐकू आली नाही; त्याला आधार हवाय असं समजून तो आणखी जोरात वाजवत राहिला. तिसऱ्या ओळीला दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या. चौथी सुरू होणार, तोच फाडकन आवाज झाला. ज्या लाकडी पट्टीत तारा अडकतात, तो ब्रिज गिटारच्या पोटावरून उखडला आणि बाराही तारा सुटून फटकारल्या. दादाने डावा हात तोंडावर घेतला.

"घाबरलेत," बाई हळूच म्हणाल्या. "काही दिवस जाऊ द्या."

बाई गेल्यावर मास्तर म्हणाला, "ब्रिजखालचा सरस जुना झाला होता, वहिनी. कधीतरी सुटणारच होता."

"वर चढवली होतीत?"

"दोनच पडदे."

"मग त्यांचा गळाही खुंटी पिळून चढवायचात ना, भाऊजी."

वहिनींनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चढवला नाही.

मास्तरने जुना सरस खरवडून काढला, ब्रिज नव्याने चिकटवून चार दिवस शिकंज्यात ठेवला, तारा पुन्हा दोन पडदे खाली लावल्या. गिटार पहिल्यासारखी झाली. पण लागोपाठ तीन रविवार ती पेटीतून निघाली, की दादा ओठ घट्ट मिटून डावा हात तोंडावर धरायचा.

चौथ्या रविवारी वहिनींनी स्वतःच सुरुवात केली. गाता येत नव्हतं. दादासारखा जाड आवाज काढून नुसतं म्हणत गेल्या, त्याच्याकडे बघत. एक ओळ, दुसरी, तिसरी. चौथीत स्वतःचं नाव आलं आणि त्या थांबल्या. आपलीच हाक आपणच कशी मारायची?

त्यांनी वाट पाहिली. मास्तरनेही पाहिली, तोच सूर पुन्हा पुन्हा छेडत. दादा तोंडावर हात धरून होता.

"पुरे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घेऊन जा ही. दिसली तरी दचकतात."

"माझ्याकडे ठेवतो, वहिनी. केव्हाही लागली तर..."

"तुमच्याकडेच राहू द्या."

अशी गिटार मास्तरला मिळाली; नव्या तारांसकट, आणि मागावीही लागली नाही. बाईंच्या वहीतलं एक पान भरलं होतं. दादाचं बरंचसं आधीच गेलेलं; रविवारची ती हाक गेली ती वहिनींची. मास्तरच्या एका हातात गिटारची पेटी होती, दुसऱ्या हातात अवजारांची पिशवी. म्हणून दार वहिनींनी उघडून धरलं.

"उंबरा आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या, "सावकाश."