शेजाऱ्याचे बटण

मी एक जुने मेज आहे आणि मित्रांनो, मला सतत काळजी वाटते. लाकडाला कसली आली काळजी, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर आजवर ज्यांनी हात टेकले, ते सगळे काळजीतलेच होते. कुणी बोटे वाजवायचा, कुणी नखाने माझे पॉलिश कुरतडत बसायचा, तर कुणाच्या तळहाताला इतका घाम यायचा की माझ्यावर ओले पंजे उमटायचे. संगतीचा परिणाम, दुसरे काय!

मी राहते एका विधानसभेच्या सभागृहात. अमेरिकेच्या मधोमध गव्हाचे आणि वाऱ्याचे एक राज्य आहे, तिथली ही विधानसभा. चांगल्या ओकच्या लाकडातून मला घडवले ते शाळेतल्या बाकासारखे, दोघांनी शेजारी शेजारी बसावे म्हणून. घडवणारे सुतार कमी बोलणारे होते. मला इथे आणून ठेवल्यावर एकाने फक्त एवढे म्हटले, "डगमगत नाही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पूर्वी नाव पुकारले की आमदार उठून "होय" किंवा "नाही" म्हणत. मग एके वर्षी विजेची माणसे आली आणि त्यांनी मला गिरमिटाने भोके पाडली. फार दुखले. दोन्ही बाजूंना एकेक हिरवे आणि एकेक लाल बटण बसले. हिरवे म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. बटण दाबले की समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या फलकावर त्या आमदाराच्या नावापुढे तसा दिवा लागे.

बटणांबरोबर एक रीतही आली. शेजारी चहाकॉफीला किंवा फोनवर बोलायला बाहेर गेला आणि नेमके मतदान सुरू झाले, तर त्याचे बटण आपण दाबायचे. नियमात हे बसत नव्हते, पण सगळेच करत, आणि सभापतीबाई त्या वेळी नेमका चष्मा पुसत. रीतीला एकच अट होती. शेजाऱ्याचे बटण शेजाऱ्याच्या मनाप्रमाणे दाबायचे, आपल्या नाही. ही अट कुठे लिहिलेली नव्हती. म्हणून तर माझा जीव टांगणीला लागायचा.

माझ्या डाव्या बाजूला अर्विन क्लासेन बसायचा. गहू पिकवणारा, उंच, वाकलेला माणूस. त्याचे आजोबा दूर देशातून पळून आले होते, कारण तिथले सरकार घरात शिरून कपाटे उघडायचे आणि तरुण मुलांना सैन्यासाठी घेऊन जायचे. उजव्या बाजूला ड्वेन टिबेट्स. हा पूर्वी आपल्या जिल्ह्याचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख होता. दोघे एकाच पक्षाचे, दोघेही जुन्या वळणाचे. रविवारी चर्च चुकवायचे नाही, कर वाढवायचे नाहीत, बंदुकीला कुणी हात लावायचा नाही, यावर दोघांचे एकमत. अर्विन ड्वेनला "शेरीफसाहेब" म्हणून चिडवी, आणि अर्विन बिअरलाही शिवत नसल्यामुळे ड्वेन त्याला "धर्मात्मा" म्हणे. बारा महिने तेरा काळ यांचे असेच चालायचे आणि मला ते आवडायचे.

मग गांजाचे विधेयक आले.

विधेयक साधे होते. डॉक्टरने लिहून दिले तर दुखणाईत माणसाने गांजाचे औषध घरात ठेवायला हरकत नाही, आणि अशा आजाऱ्यांवर आधी भरलेले खटले मागे घ्यायचे. आमच्या पक्षातच त्यावरून दोन तट पडले. माझ्यावरही पडले.

"धर्मात्मा गांजाला मत देणार म्हणे!" ड्वेन म्हणाला. "उद्या चर्चमध्ये चिलीम फिरवशील."

"मी गांजा शिवलेला नाही आणि शिवणारही नाही," अर्विन म्हणाला. "पण दुसऱ्याच्या फडताळात काय आहे ते बघायला सरकारनं जायचं कशाला? तुझ्या बंदुका मोजायला कुणी आलं तर तू दारात उभा राहशील की नाही?"

"बंदुकीची गोष्ट वेगळी."

"हो ना. तुझी बंदूक तो बाब्या आणि त्या बाईची बाटली ते कार्टं!"

"अर्विन, कायदा म्हणजे कुंपण असतं. एक तार तुटली की सगळी गुरं बाहेर."

"कुंपण गुरांना असतं, ड्वेन. माणसाच्या घराला दार असतं, आणि ते वाजवून आत यायचं असतं."

"ती बाई" म्हणजे ओपल रेनर. अर्विनच्या मतदारसंघात ती आयुष्यभर शाळेची बस चालवत होती. मग नसांचे दुखणे मागे लागले. हात थरथरत, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे. शेजारच्या राज्यात गांजाचे तेल उघड विकत मिळते. भाचीने ते आणून दिले आणि तिला झोप येऊ लागली. कुणीतरी चुगली केली. पोलिसांनी तिचे स्वयंपाकघर उलथेपालथे केले आणि बाटली नेली. आता खटला उभा राहणार होता. गुन्हा शाबीत झाला तर सत्तरीतल्या बाईला तुरुंग, आणि सुटल्यावर तेच न संपणारे दुखणे.

एकदा मधल्या सुट्टीत अर्विन तिला आपली जागा दाखवायला घेऊन आला. तिने माझ्यावर हात ठेवला. तो हात इतका थरथरत होता की माझ्या अंगावर टकटक वाजत राहिले. ड्वेनने लगेच उठून तिला आपली खुर्ची दिली.

"बाई, खोटं सांगत नाही," तो अवघडून म्हणाला. "मी शेरीफ असतो तर मीही तेच केलं असतं."

"ठाऊक आहे मला," ओपल म्हणाली. "पण तुम्ही निदान पाय पुसून आत आला असतात. मेल्यांनी माझ्या फरशीवर चिखल चिखल करून ठेवला."

ड्वेन हसला, पण मत बदलायला तयार झाला नाही. त्याचे कारण मला माहीत होते. त्याचा मुलगा टॉड. गोठ्यामागे मित्रांबरोबर गांजा ओढण्यापासून सुरुवात झाली, मग गोळ्या, मग सुई. एके दिवशी तो आपल्या गाडीत बसल्या जागी गेलेला सापडला, आणि तिथे पहिला पोहोचलेला शेरीफ त्याचा बापच होता. "सुरुवात त्या धुरानंच झाली," असे ड्वेन म्हणे. त्यावर अर्विन कधी वाद घालत नसे. त्याने टॉडला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. मला दोघांचेही पटायचे आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटायची.

मतदानाचा दिवस उजाडला. वर प्रेक्षकांच्या सज्ज्यात ओपल येऊन बसली. एकेका मताचा हिशेब चालला होता आणि निकाल कुठेही झुकू शकत होता. तेवढ्यात पक्षाचा प्रतोद होल्कम आला. आपल्या आमदारांची मते सांभाळणे हे त्याचे काम. त्याने अर्विनच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन मिनिटं बाहेर ये."

अर्विन उठला. "माझं बटण बघशील?" त्याने ड्वेनला विचारले.

"कोणतं?"

"विचारतोस काय? हिरवं."

दार बंद झाले आणि लगेच सभापतीबाईंनी मतदान सुरू केल्याचे सांगितले. फलकावर दिवे लागू लागले. हिरवा, लाल, लाल, हिरवा. ड्वेनने क्षणाचाही विलंब न लावता आपले लाल बटण दाबले. मग त्याने दाराकडे पाहिले. अर्विन येत नव्हता.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. ड्वेनचा हात माझ्यावरून सरकत डाव्या बाजूला आला आणि अर्विनच्या दोन बटणांमध्ये थांबला. बोट थंडगार पडले होते. लाल बटण दाबले असते तर कुणी विचारणार नव्हते. गडबडीत चुकले, असे म्हणायला जागा होती. नुसते गप्प बसला असता तरी चालले असते, मत पडले नसते आणि विधेयक कोसळले असते. मी मनात ओरडत होते, पण कुठले बटण दाब म्हणून ओरडत होते ते मला आजही सांगता येत नाही. मला एका बाजूला ओपलचा हात आठवत होता आणि दुसऱ्या बाजूला टॉड.

ड्वेनने डोळे मिटले, उघडले आणि हिरवे बटण दाबले. दाबून धरले, दिवा लागलेला दिसेपर्यंत.

मतदान बंद झाले. यंत्र मते मोजत असताना अर्विन आत आला. खुर्चीत बसून त्याने फलकाकडे पाहिले, आपल्या नावापुढचा हिरवा दिवा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?" ड्वेनने विचारले.

"लाल हवं होतं," अर्विन पुटपुटला. "होल्कम म्हणाला, हिरवं दाबलंस तर उन्हाळ्यात पक्षाचा उमेदवार निवडायच्या वेळी तुझ्यासमोर आपल्याच पक्षाचा दुसरा माणूस उभा करू. मी... मी त्याला हो म्हणून आलोय रे."

मला वाटले, आता हा आनंदाने उडी मारेल. हवे होते ते आयतेच पुढ्यात आले होते. पण त्याचा आवाज इतका बारीक झाला की तो मलाही जेमतेम ऐकू आला.

"गाढवा! हे बटण दाबणं मला किती जड गेलं, तुला कल्पना आहे?"

सभापतीबाईंनी चष्मा लावला. "निकाल जाहीर करण्याआधी कुणाला आपलं मत बदलायचं आहे का?"

दाराजवळ होल्कम उभा होता. त्याने अर्विनकडे पाहून हनुवटी उचलली.

अर्विन उठला. उठताना त्याचे गुडघे माझ्यावर आपटले. संपले, मी मनात म्हटले. ओपल गेली तुरुंगात. ड्वेनने मान खाली घातली होती. त्याने अर्विनला अडवले नाही. फक्त ज्या बोटाने बटण दाबले होते ते दुसऱ्या मुठीत घट्ट धरून बसला.

"बोला, आमदार क्लासेन," सभापतीबाई म्हणाल्या.

सगळे सभागृह वळून पाहू लागले. अर्विनने शेजारी पाहिले, त्या मुठीकडे पाहिले आणि मग म्हणाला, "काही नाही, बाईसाहेब. पायाला मुंग्या आल्या होत्या."

लोक हसले. तो खाली बसला. हातोडा पडला. विधेयक एका मताने मंजूर झाले.

सज्ज्यातल्या ओपलला यातले काहीच कळले नव्हते. ती रडत होती आणि थरथरणाऱ्या हाताने कोटाची गुंडी लावायचा प्रयत्न करत होती. अर्विन तिला जिन्यावरून उतरवायला गेला. ड्वेन मात्र सभागृह रिकामे झाले तरी जागचा हलला नाही. शेवटी त्याने माझ्यावर डोके टेकले आणि म्हणाला, "टॉड, पोरा, माफ कर मला." माझ्यावर आजवर घाम पुष्कळ सांडला होता. अश्रू पहिल्यांदाच सांडले.

होल्कमने बोलल्याप्रमाणे केले. उन्हाळ्यात पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत अर्विनसमोर दुसरा उमेदवार आला. गांजाचा कायदा अजिबात न पटलेला ड्वेन अर्विनसाठी दारोदार हिंडला, तरी अर्विन हरला. ओपलचा खटला मागे घेतला गेला आणि ती आपल्या घरी, आपल्या बिछान्यात झोपू लागली. शेवटच्या दिवशी अर्विन माझा खण रिकामा करत होता तेव्हा ड्वेन म्हणाला, "मी त्या दिवशी लाल दाबलं असतं तर तू अजून इथं असतास."

"असतो," अर्विन म्हणाला. "पण आपण एकमेकांकडे कुठल्या तोंडानं बघितलं असतं?"

पुढे कुण्या दुसऱ्याच मेजावर एकाने शेजाऱ्याचे बटण स्वतःच्या सोयीने दाबले आणि ते उघडकीला आले. वर्तमानपत्रांनी झोडपले. नवा नियम झाला. प्रत्येकाने स्वतःचा अंगठा टेकवल्याशिवाय मत पडणार नाही, आणि प्रत्येकाचे मेज स्वतंत्र असेल. नवी मेजे घ्यायची नाहीत, जुनीच मधून कापायची असे ठरले. कालच सुतार येऊन गेले. माझ्या मधोमध त्यांनी खडूची पांढरी रेघ ओढली आहे. आता म्हातारा झालेला ड्वेन बसायला आला, त्याने ती पाहिली आणि कोटाच्या बाहीने पुसून टाकली. सुतारांनी ती आज पुन्हा ओढली.

नियम योग्यच आहे, मित्रांनो. ज्याचे मत त्यानेच द्यावे, यात माझेही दुमत नाही. अंगठ्याचे यंत्र खुशाल बसवा, हवी तेवढी भोके पाडा, मी सोसेन. पण ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशा दोन माणसांना जवळ बसायला जागा लागते. एकाचा हात थरथरला तर दुसऱ्याला तो जाणवेल इतकी जवळ. तेवढ्यासाठी मला अख्खे राहू द्या. सुतार करवत घेऊन सोमवारी येणार आहेत. त्याआधी तुमच्यापैकी कुणी सभागृह पाहायला आलेच, तर जाता जाता माझ्यावरून एकदा हात फिरवा आणि ती रेघ पुसून टाका.