यशोदाबाईंचं बी

तुर्भ्याचं महिला प्रशिक्षण केंद्र ज्या जागेवर उभं राहिलं, तिथं पूर्वी यशोदाबाईंचं भातशेत होतं. नव्या शहरासाठी जमीन गेली ती सत्याऐंशी साली. पुढे तिथं केंद्राची बैठी इमारत झाली. पुढच्या बाजूला स्वयंपाकाचा वर्ग, मागे भाज्यांच्या रोपांचे वाफे. यशोदाबाई बाजाराला जाताना लांबचा वळसा घेत, पण त्या रस्त्याला जात नसत.

शहाण्णवच्या हिवाळ्यात केंद्रातल्या बायकांना एका कारखान्याच्या जेवणाचं काम मिळणार होतं. कामगार बहुतेक आसपासच्या गावांतले, त्यांना तांदळाची भाकरी हवी होती. बायका मात्र साताऱ्याकडच्या, ज्वारी-बाजरीवर हात बसलेल्या. वर्ग चालवणाऱ्या वैजयंतीताई यशोदाबाईंना शिकवायला याल का, असं विचारायला गेल्या.

"मना नाय यायचा तिकडं," यशोदाबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई एकटीच गेली. तिचा नवरा मार्केटात हमाल होता. वर्षापूर्वी गोण्यांची थप्पी अंगावर कोसळून तो गेला, तेव्हापासून ती केंद्रात येत होती. तिनं फडक्यातल्या भाकऱ्या पुढं ठेवल्या. सगळ्या कडेनं चिरलेल्या.

"मावशी, मला जमंना. कुठं चुकतंय तेवढं सांगा, मी जाते."

यशोदाबाईंनी तुकडा मोडून पाहिला. "पानी उकलला होता का?"

"न्हाई. कोमटच घेतलं."

"मंग कशी होल?" त्यांनी तुकडा परत फडक्यात ठेवला. मग माळ्यावरून त्यांनी एक मडकं उतरवलं. आत शेवटच्या पिकाचं बियाणं होतं, राखेत घोळून जपलेलं. "मी येते. पन ह्यो माजा भात तितं पेराचा."

नऊ वर्षांचं बी उगवणार नाही, हे वैजयंतीताईंना ठाऊक होतं. त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी मागचा एक वाफा मोकळा करून दिला.

यशोदाबाई रोज येऊ लागल्या. आधणात पीठ टाकून उकड कशी काढायची, गरम असतानाच कशी मळायची, ओल्या तळव्यांवर भाकरी कशी फिरवत मोठी करायची, हे त्या दाखवत. बोलणं मोजकंच. आल्या आल्या वाफ्याकडे जात, पाणी घालत, मगच चुलीपाशी बसत.

बारा दिवस गेले. माती तशीच काळी. तेराव्या दिवशी त्यांनी बोटानं माती उकरली, एक दाणा काढून नखानं फोडला. आत नुसता भुगा. त्या उठल्या आणि चुलीपाशी न बसताच घरी गेल्या.

चार दिवस त्या आल्या नाहीत. वैजयंतीताईंना स्वतःचीच लाज वाटत होती. "मी आधीच सांगायला हवं होतं," त्या मुक्ताबाईला म्हणाल्या, पण यशोदाबाईंच्या दारात जायला त्यांचे पाय उचलेनात.

मुक्ताबाई गेली. तिनं समजूत काढली नाही. उंबऱ्यावर बसून ती आपलंच बोलली.

"मावशी, आमचं धनी गेलं, तरी महिनाभर मी त्यांचं ताट वाढत हुते. पोरगी म्हनायची, आई, कुनाला वाढलंस? मला ठावं हुतं. हात ऐकत न्हवता."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. जमीन गेली तेव्हा घरातले पुरुष भांडले होते, ओरडले होते. यशोदाबाईंना रडायला कुणी जागाच ठेवली नव्हती. आता त्या खूप वेळ रडल्या. मुक्ताबाई शेजारी बसून राहिली. मग तिनंच चहा ठेवला.

पाचव्या दिवशी यशोदाबाई केंद्रात आल्या. वैजयंतीताई काही बोलू पाहत होत्या, तेवढ्यात यशोदाबाई म्हणाल्या, "तुला ठावं होता ना?"

ताईंनी मान खाली घातली.

"पुढं सांगत जा," एवढंच बोलून त्यांनी परात पुढं ओढली.

पुढच्या सोमवारी साठ माणसांचे डबे टेम्पोत चढले. एकही भाकरी चिरली नव्हती. दुपारी सगळ्या जणी जेवायला बसल्या. मुक्ताबाईनं घरून आणलेली ज्वारीची भाकरी यशोदाबाईंच्या पानात वाढली. त्यांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ली.

"लय कोरडी हाय," त्या म्हणाल्या, आणि आणखी अर्धी मागून घेतली.