तिसरी तरंगलांबी

तिने लेखाचे तिसरे पान बाबांपुढे सरकवले आणि त्यांच्या हातातले मटार आपल्याकडे ओढून घेतले. बाबांनी चष्मा पुसला, मान खाली घातली.

बावीस वर्षांपूर्वी वेधशाळेत असताना त्यांनी एका सक्रिय दीर्घिकेच्या गाभ्यातून उसळणाऱ्या झोताचा वेध घेतला होता. तिथून येणाऱ्या रेडिओलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात, यावरून चुंबकक्षेत्राचा रोख कळतो. तो झोताला समांतर आहे, असे बाबांनी लिहिले आणि त्या एका लेखावर त्यांचे नाव झाले. आता त्याच वेधशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या मुलीला तो आडवा सापडला होता. वाटेतल्या वायूतून येताना लहरींची दिशा वळते, तरंगलांबीनुसार कमी-जास्त. ती किती वळली, याचा बाबांचा अंदाज चुकला होता.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून ती रजा टाकून आली होती.

"नव्वद अंश?"

"अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे पार आडवाच की!" बाबा हसले. "बावीस वर्षं लोकांना भलत्याच वाटेला लावलं म्हणायचं."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, आल्या आल्या त्यांच्या मागे काय लागलीस? आधी पाणी तरी पी."

"लागू दे गं," बाबा म्हणाले आणि वाचत राहिले.

'त्या काळी दोनच तरंगलांबींवर मोजमापे उपलब्ध होती. तेवढ्यावरून दिशा किती वळली, हे खात्रीने सांगणे शक्य नव्हते.' या वाक्यासाठी तिने दोन दिवस घालवले होते. बाबांचे बोट नेमके तिथेच थांबले.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्याच लेखातून. दोनच दिल्यात ना तुम्ही?"

"दिल्या दोन." त्यांनी खिशातले पेन काढले, पण उघडले नाही. "मोजल्या तीन होत्या. तिसरी काही केल्या इतर दोन्हींशी जुळेना. मग त्या दिवशी हवा खराब होती, असं मी ठरवून टाकलं."

"होती का?"

बाबांनी पेन उघडून 'दोनच' या शब्दावर एक रेघ मारली.

"हे छापायचं?" तिने विचारले.

"लेख तुझा आहे. मला कशाला विचारतेस?"

हातातली शेंग तिने न सोलताच खाली ठेवली. मग तिने त्यांच्या हातून पेन घेतले.

"तारीख आठवते त्या दिवसाची?"

बाबांनी ती तत्क्षणी सांगितली.